जॉन कझाल: पाच चित्रपट आणि एक फ्रेडो

दुबळ्या माणसाची भूमिका करताना बहुतेक नट ‘मी मुळात असा नाही बरे का’ हे प्रेक्षकाला कोठेतरी हळूच सुचवून जातात. अमेरिकी नट जॉन कझालने तसे कधी केले नाही, आणि म्हणूनच ‘द गॉडफादर’ या माफिया कुटुंबाच्या कथेतला त्याचा फ्रेडो कॉर्लिओने मला त्याच्या धाकट्या भावाइतकाच, म्हणजे नायक मायकेलइतकाच, महत्त्वाचा वाटतो.

मॅसॅच्युसेट्समधील रिव्हियर येथे १९३५ साली जन्मलेल्या कझालचे वडील इटालियन वंशाचे, तर आई आयरिश वंशाची. बोस्टन विद्यापीठात नाट्यशिक्षण घेऊन तो न्यूयॉर्कला आला आणि पोटापाण्यासाठी स्टँडर्ड ऑइलमध्ये निरोप्याची नोकरी करू लागला; तेथेच त्याची अल पचिनोशी, म्हणजे पुढे मायकेल झालेल्या नटाशी, ओळख झाली. पुढे नाटककार इस्रायल होरोविट्झच्या एका नाटकातील कामासाठी दोघांनाही ओबी हा न्यूयॉर्कच्या छोट्या रंगमंचांवरील नाटकांसाठीचा पुरस्कार मिळाला, तर त्याच नाटककाराच्या दुसऱ्या नाटकात कझालला पाहून पात्रनिवड करणाऱ्या फ्रेड रूसने त्याचे नाव ‘द गॉडफादर’चा दिग्दर्शक कपोला याला सुचवले.

‘द गॉडफादर’मध्ये (१९७२) वडिलांवर गोळ्या झाडल्या जात असताना फ्रेडोच्या हातातून पिस्तूल निसटते आणि तो रस्त्याच्या कडेला बसून लहान मुलासारखा रडू लागतो. दुसऱ्या भागात (१९७४) तर कझालने एका खुर्चीचाही उपयोग करून घेतला आहे. मागे कललेल्या त्या खुर्चीत जवळजवळ आडवा पडलेला फ्रेडो ‘मी हुशार आहे’ असे धाकट्या भावाला ओरडून सांगतो, हातपाय झाडतो, पण त्याला धड उठून बसताही येत नाही; त्याची सारी जन्मभराची गोची त्या धडपडीत दिसते. ‘डॉग डे आफ्टरनून’मधील (१९७५) बँक लुटायला आलेला सॅल फ्रेडोच्या अगदी उलट, थंड आणि धोकादायक. पळून कोणत्या देशात जायचे आहे, या प्रश्नावर तो गंभीरपणे ‘वायोमिंग’ म्हणतो, जे अमेरिकेतलेच एक राज्य आहे. हे उत्तर संहितेत नव्हते, कझालला ते ऐन वेळी सुचले होते. अभिनयाबद्दल आपण सर्वाधिक जॉनकडूनच शिकलो, असे पचिनोने पुढे सांगितले, त्यात मला तरी मैत्रीची अतिशयोक्ती वाटत नाही.

१९७६ मध्ये सेंट्रल पार्कमधील शेक्सपिअरच्या नाटकात काम करताना त्याची आणि मेरिल स्ट्रीपची भेट झाली. लवकरच त्याला फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. तरीही ‘द डीअर हंटर’मध्ये त्याने काम केले आणि दिग्दर्शक सिमिनोने त्याची दृश्ये आधी चित्रित करून घेतली. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, मार्च १९७८ मध्ये, वयाच्या अवघ्या ४२व्या वर्षी तो गेला.

‘द कॉन्व्हर्सेशन’ धरून त्याने पूर्ण लांबीचे पाचच चित्रपट केले. त्या पाचही चित्रपटांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर नामांकन होते आणि तिघांना तो पुरस्कार मिळालाही. कझालला स्वतःला मात्र एकही नामांकन नाही. ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागातून सहायक अभिनेत्याच्या नामांकनासाठी डी नीरो, स्ट्रासबर्ग आणि गॅझो असे तिघे निवडले गेले; त्या यादीत फ्रेडोला जागा मिळू नये, हे मला आजही अनाकलनीय वाटते.