सागरगोटा, दुसरा प्रयत्न

१८ मे
गेल्या जूनमध्ये कुंडीत लावलेले बारा सागरगोटे दिवाळीनंतर माती उपसताना जसेच्या तसे हाताला लागले. करडे, गुळगुळीत, जणू आत्ताच कुणाच्या खिशातून पडलेत. एकही कुजला नव्हता. मूळचे ते गुहागरच्या पुळणीवर भरतीच्या रेषेत वेचलेले. ज्या कवचाने समुद्राला दाद दिली नाही, ते माझ्या झारीला कशाला देईल?

तरंगलं ते बी पोचट, हा आपला नेहमीचा नियमही इथे लावू नका. आतल्या दोन डाळींमध्ये हवेची पोकळी असते, त्यामुळे चांगलं बीसुद्धा तरंगतं.

उपाय खरं तर लहानपणापासून माहीत होता. शाळेत आम्ही गजगा, म्हणजे हाच सागरगोटा, फरशीवर घासून तापवायचो आणि शेजारच्याच्या दंडाला चटका द्यायचो. तेच आज अंगणातल्या शहाबादीवर केलं. पाच मिनिटांत बोटं पोळली, कवचाची नुसती चकाकी गेली. मग कानस काढली. बियाला जिथे देठ चिकटलेला असतो तो डोळा सोडून विरुद्ध बाजूला घासायचं, कारण मूळ डोळ्याच्याच बाजूने फुटतं. आतलं फिकट दिसू लागलं की थांबायचं. आठ घासले, चार मुद्दाम तसेच ठेवले.

२० मे
सगळे दोन रात्री पाण्यात. घासलेले टम्म फुगलेत, कवच नखाने दबतंय. बाकीचे चार ढिम्म. फुगलेले आठ पिशव्यांत लावले.

२ जून
पहिला कोंब!

११ जून
आठांपैकी सहा वर आले. उरलेले दोन उकरले तर कुजलेले. त्यांनाच कानस खोल गेली होती.

२५ जुलै
रोपं वीतभर. पानाच्या दांडीवर मागे वळलेले आकडे आत्तापासूनच आहेत. हात आत सहज जातो, बाहेर काढताना बाही फाटते. पुढे शेंगाही काटेरीच येणार. चार रोपं मागच्या बांधाला लावतोय, तिथे रानडुकरं येतात. फाटकाशी लावायला आईची मनाई.

न घासलेले चार वाटीत पडून होते. बहिणीने उचलून खेळून पाहिले. म्हणाली, "एक कमी आहे रे, तेवढा तरी ठेवायचास."