बाटली गळली आणि उंदीर दारुडा ठरला

एम.फार्मच्या प्रबंधाचा विषय घरी सांगितला तेव्हा आई चहा गाळत होती. "काय गं, उंदरास्नी दारू पाजायला जायलीस व्हय बेळगावात?" दारू आणि कॅफिन दोन्ही, म्हटल्यावर तिनं गाळणं खाली ठेवलं. खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरात दारूचा विषय चहाबरोबर निघत नाही.

प्रश्न साधा होता : कॅफिन दिलं तर उंदीर जास्त पितो की कमी? 2000 साली आलेल्या एका अभ्यासात वजनाच्या किलोमागे 5 मिलिग्रॅम कॅफिन दिलेले उंदीर जास्त प्यायले होते. मोठ्या डोसला पिणं घटल्याचेही निष्कर्ष आहेत. दारूमुळे मेंदूत पेशींबाहेर अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचतं, कारण ते पेशीत परत नेणारा वाहक अडतो. त्यानं गुंगी येते. कॅफिन नेमकं अ‍ॅडेनोसिनच्याच ग्राहकांवर, म्हणजे पेशीवरच्या रिसेप्टरवर, जाऊन बसतं. म्हणजे गुंगीचा ब्रेक सैल. अमेरिकेत 2010 साली कॅफिन घातलेली मद्यं विकणाऱ्या चार कंपन्यांना सरकारी इशारा गेला, त्यामागची काळजी अशीच होती : माणसाला चढलेली कळतच नाही.

आधी प्राणी नैतिकता समिती. फॉर्म बी, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, भरायला मला तीन आठवडे लागले. इतकेच उंदीर का, कमी का चालणार नाहीत, शेवटी त्यांचं काय करणार, सगळं लिहून द्यायचं. समितीत विज्ञानाबाहेरचा एक सदस्य असावा लागतो. सगळ्यात अडचणीचा प्रश्न त्यांनीच विचारला. "कॅफिन कडू असतं ना? बाटलीत घातलंत आणि उंदरानं तोंड फिरवलं, तर कॅफिनमुळे की चवीमुळे?" मी गप्प. आराखडा बदलला, कॅफिन इंजेक्शननं द्यायचं ठरलं. (गाईडनी हे आधी कसं पाहिलं नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.)

मग अल्कोहोलसाठी अबकारी खात्याची परवानगी. अर्ज कन्नडमधून. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातलं. वाचता येतं, पण सरकारी कन्नड लिहायचं म्हणजे घाम फुटतो. प्राणीगृहातल्या मामांनी तो लिहून दिला. सीमाभागात अर्जाला दुसऱ्याचा हात लागतोच.

पिंजऱ्याला दोन बाटल्या, एकीत पाणी, दुसरीत 10 टक्के अल्कोहोल. रोज जागा बदलायच्या, कारण काही उंदीर चव न बघता ठरलेल्या बाजूलाच जातात. उंदीर रात्रीचा जीव, म्हणून सकाळी बाटल्या तोलायच्या. पहिले दोन आठवडे आकडे झकास आले. तीन नंबरचा तर अट्टल दारुडाच निघाला. मग एका सकाळी त्याच्या बाटलीखालचा भुसा हाताला ओला लागला. नळीच्या टोकाला थेंब लोंबत होता. ट्रॉलीचा धक्का बसला की पडायचा, मग दुसरा जमायचा.

हिशेब केला. 250 ग्रॅमच्या उंदराच्या बाटलीतून 2 मिली गळलं तर किलोमागे 0.6 ग्रॅम दारू न पिता त्याच्या नावावर चढते. आणि मी फरक शोधत होते तोही साधारण तेवढाच! दोन आठवडे गेले. त्या रात्री हॉस्टेलवर जेवलेच नाही.

मामांनी आतून थेंब अडवणारी छर्‍यासारखी गोळी असलेल्या नळ्या शोधून आणल्या. शिवाय एका रिकाम्या पिंजऱ्याला तशाच दोन बाटल्या लावल्या. तिथं कोणी पिणारा नाही, म्हणजे जे कमी होईल ती गळती. ती सगळ्यांच्या आकड्यातून वजा. हे खरं तर पहिल्याच दिवशी करायचं असतं. नव्या नळ्या लावल्यावर तीन नंबर एकदम सज्जन झाला.

आधीच्या दोन आठवड्यांच्या अल्कोहोलपुढे मामांनी रजिस्टरात कन्नडमध्ये काहीतरी लिहिलं. काय लिहिलं म्हणून विचारलं.

"रिकाम्या पिंजऱ्यानं प्यायलं," म्हणाले, आणि मग हसत हसत खरं काय ते वाचून दाखवलं : गळती.