एक जीबीच्या पॉडमध्ये जावा: हीपच्या आधी बाकीचा हिशेब

कुबरनेटीसवरची (कंटेनर चालवणारी यंत्रणा) जावा सर्व्हिस अधूनमधून मरते. लॉगमध्ये त्याबद्दल एक ओळ सापडत नाही आणि पॉडच्या (कंटेनर ज्यात चालतो तो एकक) माहितीत एक्झिट कोड १३७ दिसतो. १३७ म्हणजे १२८ अधिक ९: कर्नलने सिगकिल (तात्काळ मारण्याचा सिग्नल) देऊन प्रोसेस संपवली. जेव्हीएमला (जावा प्रोग्रॅम चालवणारं यंत्र) काही करायची संधीच मिळत नाही, त्यामुळे आउटऑफमेमरीएरर नाही आणि हीप डंपही नाही (हीप म्हणजे जावाच्या ऑब्जेक्टची मेमरी, डंप म्हणजे तिची नक्कल). बहुतेक टीम अशा वेळी मेमरी लिमिट दुप्पट करून मोकळ्या होतात. मला ते अजिबात पटत नाही, कारण मेमरी गेली कुठे हा प्रश्न तसाच राहतो.

नेहमीचं उदाहरण घेऊ. स्प्रिंग बूट, टॉमकॅट, हायबरनेट, जावा १७ आणि मेमरी लिमिट १ जीबी, म्हणजे १०२४ एमबी. कोणतंही सेटिंग दिलं नाही तर जेव्हीएम लिमिटच्या २५ टक्के, म्हणजे २५६ एमबीपर्यंतच हीप वाढू देतं. हे फार कमी, म्हणून कुणीतरी कुठेतरी वाचलेले ७५ टक्के टाकतं. हीप होतो ७६८ एमबी आणि उरतात २५६.

या २५६ मध्ये काय काय बसवायचं आहे ते पाहा. मेटास्पेस, म्हणजे लोड झालेल्या क्लासची माहिती: हायबरनेट असेल तर १३० एमबी सहज. कोड कॅश, म्हणजे चालताना तयार झालेला मशीन कोड: जागा २४० एमबीची राखली जाते, खरा वापर ६० च्या आसपास धरा. थ्रेड स्टॅक: ६४ बिट लिनक्सवर प्रत्येकी १ एमबी राखीव, टॉमकॅटचे कमाल २०० थ्रेड. पण राखीव म्हणजे वापरलेली नव्हे, स्टॅकच्या जेवढ्या पानांना हात लागतो तेवढीच मोजली जातात; ६० एमबी धरा. जी-वनची (नको झालेली मेमरी गोळा करणारा कलेक्टर) स्वतःची बांधणी ४०. डायरेक्ट बफर (हीपबाहेरचे बफर) ६४. बेरीज ३५४. म्हणजे ७५ टक्क्यांत हे बसतच नाही. हीप पूर्ण भरेपर्यंत सगळं ठीक वाटतं आणि ट्रॅफिक वाढलं की पॉड पडतो.

म्हणून मॅक्सरॅमपर्सेंटेज (लिमिटच्या किती टक्के कमाल हीप) ६०.० ठेवा. हीप ६१४, उरले ४१०, हिशेब वजा जाता ५६ एमबी हातात. आकडा दशांशासह लिहा, जुन्या आवृत्त्यांना नुसता ६० चालत नाही. इनिशियलरॅमपर्सेंटेजही (सुरुवातीचा हीप) तेवढंच ठेवा. कंटेनरमध्ये हीप हळूहळू वाढवून काही साधत नाही. मिनरॅमपर्सेंटेजला मात्र हात लावू नका. नावावरून ते किमान हीप ठरवतं असं वाटतं, पण ते अगदी लहान, साधारण २५० एमबीच्या आतल्या मेमरीसाठी कमाल हीप ठरवतं. आणि कुठे एक्सएमएक्स (कमाल हीपचा थेट आकडा) दिलेलं असेल तर टक्केवारीकडे बघितलंच जात नाही.

डायरेक्ट बफरची मर्यादा न दिल्यास ती कमाल हीपइतकी असते, म्हणजे इथे आणखी ६१४ एमबीची मुभा! मॅक्सडायरेक्टमेमरीसाइझ ६४ एमबी लिहूनच टाका. मेटास्पेसला तर मुळात मर्यादाच नसते. मॅक्समेटास्पेससाइझ १६० एमबी दिलं की क्लास गळती झाल्यावर मुकाट मरण्याऐवजी स्पष्ट एरर मिळते. जोडीला हीपडंपऑनआउटऑफमेमरीएरर आणि एक्झिटऑनआउटऑफमेमरीएरर दोन्ही लावा. डंपचा पाथ एम्प्टीडिर व्हॉल्यूमवर (पॉडपुरती तात्पुरती जागा) द्या, नाहीतर कंटेनर रीस्टार्ट होताच फाइल गेली.

उरलेल्या ५६ एमबींचा गिऱ्हाईक जीलिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) आहे. तो प्रत्येक कोअरमागे आठपर्यंत मॅलॉक अरीना (मेमरी वाटपाचे साठे) उघडतो आणि त्यातली मोकळी मेमरी लगेच परत देत नाही. मॅलॉक_अरीना_मॅक्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल २ केलं की बराच फरक पडतो. अल्पाइनच्या इमेजमध्ये जीलिबसीऐवजी मसल असतं, तिथे याचा उपयोग नाही.

हे सगळं लिहायचं कुठे? जावा_टूल_ऑप्शन्समध्ये. ते जेव्हीएम स्वतः वाचतं आणि सुरू होताना ‘पिक्ड अप’ने सुरू होणारी ओळ छापतं, म्हणजे लागू झालं की नाही ते लगेच कळतं. जावा_ऑप्ट्स जेव्हीएम वाचत नाही. टॉमकॅटची स्टार्टअप स्क्रिप्ट वाचते. जार थेट चालवत असाल तर त्यात लिहिलेलं सगळं वाया जातं, आणि ही गोष्ट महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

आता सीपीयू. लिमिट ५००एम (अर्धा कोअर) असेल तर जेव्हीएम कोटा वरच्या पूर्णांकाला नेऊन एकच प्रोसेसर मोजतं. दोनपेक्षा कमी प्रोसेसर किंवा जेमतेम पावणेदोन जीबीहून कमी मेमरी दिसली, की जी-वनऐवजी सिरीयल कलेक्टर गुपचूप निवडला जातो. म्हणजे आपल्या १ जीबीच्या पॉडवर, सीपीयू कितीही द्या, सिरीयलच चालेल. जी-वन हवा असेल तर यूज-जी-वन-जीसी स्वतः लिहा. सिरीयलच ठेवलात तर वरच्या हिशेबातले ४० एमबी बरेचसे सुटतात, आणि ६०० एमबी हीपसाठी तो वाईटही नाही. जावा १७ आणि २१ मध्ये दोन किंवा कमी प्रोसेसर असले तर कम्प्लीटेबलफ्यूचरची एसिंक कामं कॉमन पूलमध्ये (थ्रेडचा सामायिक संच) न जाता प्रत्येक कामाला नवा थ्रेड काढतात. स्वतःचा एक्झिक्युटर (स्वतःचा थ्रेड संच) द्या.

त्याहून त्रासदायक म्हणजे थ्रॉटलिंग, सीपीयूचा कोटा संपला की प्रोसेस थांबवून ठेवणं. ५००एम म्हणजे दर १०० मिलिसेकंदांत ५०. स्टार्टअपला जेआयटी (चालताना कोड कंपाइल करणारा भाग) धरून चार थ्रेड एकदम धावले तर कोटा १२.५ मिलिसेकंदांत संपतो आणि पुढची ८७.५ सगळे ठप्प. लाइव्हनेस प्रोब (सर्व्हिस जिवंत आहे का ही तपासणी) तोवर कंटाळून पॉड मारतो, पुन्हा तेच चक्र. स्टार्टअप प्रोब (सुरू होईपर्यंत लाइव्हनेस थांबवणारी तपासणी) लावा: पीरियड १० सेकंद, फेल्युअर थ्रेशोल्ड ३०, म्हणजे पाच मिनिटांची मुदत.

कोडची एक ओळ न बदलता नोडच्या (पॉड ज्या मशीनवर चालतात ते) अपग्रेडनंतर पॉड मरू लागले, तर सीग्रुप (लिनक्सची मेमरी-सीपीयूवर मर्यादा घालणारी सोय) तपासा. सीग्रुप व्ही-टू जावा १५ पासून कळतो. ११ मध्ये तो ११.०.१६ ला आला आणि ८ मध्ये अपडेट ३७२ ला. त्याआधीची इमेज नव्या नोडवर लिमिट बघतच नाही, थेट नोडची मेमरी मोजते. ६४ जीबीच्या नोडवर ६० टक्के म्हणजे ३८ जीबी हीप, तोही १ जीबीच्या पॉडमध्ये. कंटेनरच्या आत शो-सेटिंग्ज-सिस्टिम चालवून मेमरी लिमिट किती दिसते ते पाहा. तुमचं लिमिट तिथे दिसलं नाही तर बाकी काही करण्याआधी इमेज बदला.

माझे आकडे तुमच्या सर्व्हिसला जसेच्या तसे लावू नका, मोजा. स्टेजिंगवर नेटिव्हमेमरीट्रॅकिंग (जेव्हीएमचा स्वतःचा मेमरी हिशेब) समरी चालू करा (५ ते १० टक्के वेग जातो, म्हणून प्रॉडक्शनवर कायम नको), खरा लोड द्या, मग जेसीएमडीने (चालू जेव्हीएमला आज्ञा देणारं टूल) बेसलाइन घ्या आणि काही तासांनी समरी डिफ. रिझर्व्ह्डचे मोठे आकडे बघून घाबरू नका, कमिटेड बघा. थ्रेड वाढत असेल तर पूल तपासा, क्लास वाढत असेल तर प्रॉक्सी तयार करणारा कोड. एकूण कमिटेड स्थिर आहे आणि कंटेनरची मेमरी तरीही चढते, तर ती वाढ जेव्हीएमच्या हिशेबाबाहेरची आहे; मॅलॉक आणि नेटिव्ह लायब्ररींपासून सुरुवात करा. जेसीएमडी जेडीकेच्या इमेजमध्ये असतं, जेआरईच्या इमेजमध्ये नसतं, तेव्हा स्टेजिंगची इमेज त्या बेताने बांधा.