बँकॉकचं एटीएम आणि रुपयांचा मोह

थायलंडला निघण्याआधी कार्डांची तयारी केली होती. रिझर्व्ह बँकेच्या २०२० सालच्या नियमानंतर नवीन कार्डाचे परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात. ते बँकेच्या ॲपवरून सुरू करून घेतले. माझ्या बँकेचा मार्कअप, म्हणजे परदेशी व्यवहारावर बँक लावते ते जादा शुल्क, साडेतीन टक्के आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. क्रेडिट कार्डाने रोख काढायची नाही हे तर ठरलेलंच, तिथे व्याज पहिल्या दिवसापासून लागतं.

भावोजींनी फॉरेक्स कार्डात, म्हणजे परदेशी चलन आधीच भरून ठेवायच्या कार्डात, थेट बाथच (थायलंडचं चलन) भरून आणले होते, म्हणून ते निर्धास्त.

बँकॉकच्या एटीएमवर १०,००० बाथ मागितले. आधी एक पान आलं: परदेशी कार्डासाठी २२० बाथ शुल्क, मान्य आहे का? इथे ‘हो’ म्हणावंच लागतं, नाहीतर कार्ड बाहेर. खरी मेख पुढच्या पानावर. तिथे रुपयातला आकडा ठसठशीत, बाथचा दर २ रुपये ६२ पैसे, आणि खाली दोन बटणं, ‘विथ कन्व्हर्जन’ (रुपयात बदलून) आणि ‘विदाउट कन्व्हर्जन’ (बाथमध्येच).

भावोजी मागून म्हणाले, “अरे, रुपयात कर ना. किती कापले ते इथेच कळेल, मार्कअपही वाचेल.”

“भावोजी, तो मार्कअप या एटीएमवाल्यांनी दरातच घालून ठेवलाय.”

त्या दिवशी व्हिसा या कार्ड कंपनीचा दर २.४५ च्या आसपास होता. शुल्कासकट १०,२२० बाथचे मशीनच्या दराने झाले असते २६,७७६ रुपये. व्हिसाच्या दराने २५,०३९, त्यावर मार्कअप आणि जीएसटी धरून साधारण २६,०७०. म्हणजे मार्कअप भरूनही सातशे रुपये वाचले. शिवाय परदेशात रुपयात झालेल्या व्यवहारावरही काही बँका वेगळं शुल्क लावतात, हे कुणी सांगत नाही. मी ‘विदाउट’ दाबलं. व्यवहारच रद्द होईल अशी भीती बऱ्याच जणांना वाटते. तसं काही होत नाही, नोटा मुकाट बाहेर येतात.

भावोजींच्या कार्डाची गंमत याहून मोठी. कार्डात बाथ, मशीनमध्ये बाथ, तरी पडद्यावर रुपयांचं पान आलंच! कार्डाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून मशीनला एवढंच कळतं की कार्ड भारतातलं आहे. आत कोणतं चलन भरलंय, ते त्याला दिसत नाही. ‘विथ’ दाबलं असतं तर बाथचे रुपये झाले असते आणि ते वळते करायला कार्डातले बाथ पुन्हा मोडले गेले असते. दोनदा अदलाबदल, दोनदा कात्री. आधीच चलन विकत घेऊन ठेवलेल्या माणसाला हा फटका जास्त झोंबतो. त्यांनीही ‘विदाउट’ दाबलं, पण चेहऱ्यावर शंका कायम होती.

ते २२० बाथ मात्र कुठलंही बटण दाबून टळत नाहीत. रक्कम लहान असो की मोठी, शुल्क तेवढंच. २,००० काढले तर थेट ११ टक्के गेले. म्हणून चहा-फळांपुरते थोडे-थोडे काढण्याऐवजी एकदाच मोठी रक्कम काढून घरच्यांत वाटून ठेवली.

दुकानात आणि हॉटेलातही हाच खेळ, फक्त तिथे बटण कधीकधी काउंटरवरचा माणूस परस्पर दाबून मोकळा होतो. एका हॉटेलात पावतीवर ‘टीएचबी’ (बाथ) ऐवजी ‘आयएनआर’ (रुपये) दिसलं. सही न करता व्यवहार रद्द करायला लावला आणि पुन्हा बाथमध्ये करून घेतला. त्याने कुरकुर केली नाही, बहुतेक आधीही कुणीतरी असंच थांबवलं असावं.