शेवटची खोली सगळ्यात मोठी

संग्रहालयात अमोनाइटच्या, म्हणजे गुंडाळलेल्या शंखात राहणाऱ्या, आता नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याच्या जीवाश्मासमोर दुसरीतली एक मुलगी बसकण मारून बसली होती. बाकीची मुलं पुढच्या दालनात गेली तरी ही हलेना. काचेवर बोट फिरवत आतून बाहेर एकेक कप्पा मोजत होती.

मग म्हणाली, "हा मोठा झाला की घर नाही बदलायचा. नवीन खोली बांधायचा. शेवटची खोली सगळ्यात मोठी."

अगदी बरोबर! अमोनाइट सगळ्यात बाहेरच्या कप्प्यातच राहायचा. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बाई हळूच म्हणाल्या, "वर्गात ही तोंड उघडत नाही हो. वाचनात मागे आहे."

ते 'मागे आहे' दिवसभर डोक्यातून जाईना. जिच्या घरी एकही पुस्तक नाही, तिची हुशारी आपण वाचनावर मोजतो. अमेरिकन शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्येच हुशारी ठरवताना क्षमतेच्या जोडीला सर्जनशीलता आणि कामातली चिकाटी धरली होती. ती चिकाटी आज मी डोळ्यांनी पाहिली.

पण वर्षातून एकच सहल, तीही रांगेत, गप्प राहून? शाळेने आणि संग्रहालयाने मिळून याच मुलांना वर्षभर पुन्हा पुन्हा आणायला हवं.

निघताना तिने विचारलं, "परत कधी यायचं?"

काय सांगायचं तिला?