पाच बोटांचे बूट आणि चवड्याचे हाड

गेल्या वर्षी मार्गशीर्षात मी पाच बोटांचे बूट घेतले आणि अकराव्या दिवशी डाव्या पायाच्या चवड्यावर, दुसऱ्या बोटाच्या रेषेत, एक अशी जागा तयार झाली की तिथे नुसते दाबले तरी कळ मस्तकात जात असे. अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे काढला. त्यात काही दिसले नाही; परंतु अशा दुखण्यात हाडाला बारीक चीर असली तरी पहिल्या काही आठवड्यांत ती एक्स-रेमध्ये उमटतेच असे नाही, हे समजावून त्यांनी सहा आठवडे धावणे पूर्ण बंद ठेवायला लावले. आता वर्ष होत आले आणि तेच बूट मी आठवड्यातून चार दिवस वापरते. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी भेटणाऱ्या मैत्रिणी माझ्या पायांकडे पाहून “हे घ्यावेत का हो?” असे विचारतात, तेव्हा चालता चालता दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे.

ज्यांनी हे बूट पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडेसे वर्णन. हातमोज्यात प्रत्येक बोटाला जसे वेगळे घर असते तसे या बुटांत पायाच्या प्रत्येक बोटाला असते. तळ पातळ रबराचा, सहज मुडपणारा. टाच आणि चवडा एकाच पातळीवर. पायाच्या कमानीखाली कसलाही आधार नाही. नेहमीच्या धावण्याच्या बुटांत टाच चवड्यापेक्षा साधारण ८ ते १२ मिलिमीटर उंच ठेवलेली असते आणि तिच्याखाली जाड फोम असतो. ही बोटांची कल्पना रॉबर्ट फ्लिरी या इटलीतल्या डिझाइनच्या विद्यार्थ्याची. ती व्हिब्रॅम या इटालियन कंपनीने २००० नंतरच्या दशकाच्या मध्यास ‘फाईव्ह फिंगर्स’ या नावाने बाजारात आणली. या कंपनीचे मूळ मला फार लक्षणीय वाटते. आल्प्समध्ये १९३५ साली सहा सहकारी गमावल्यानंतर व्हिताले ब्रामानी या गिर्यारोहकाने खडकावर आणि बर्फावर पकड घेणारा रबरी तळ तयार केला, आणि कंपनीचे नावही त्याच्याच नावावरून पडले. दणकट, खाचांच्या जाड तळासाठी जिची ख्याती, तिनेच पुढे जवळजवळ तळच नसलेला बूट विकायला काढला.

बूट मागवण्यापूर्वी माप हवे होते, म्हणून जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मी त्यावर उभी राहिले आणि आईने पेन्सिलीने माझ्या पावलाची कड आखली. मग सहज म्हणून मी तिच्याही पावलाची आखली. आईचे सारे आयुष्य निफाड तालुक्यात शेतात गेले, तेही बहुतांशी अनवाणी. तिच्या पावलाची आकृती चवड्याकडे पंख्यासारखी उघडत गेली होती आणि प्रत्येक दोन बोटांच्या मध्ये पेन्सिल सहज आत उतरत होती. माझी आकृती मात्र बुटाच्या टोकासारखी निमुळती होती; करंगळी चौथ्या बोटाखाली दुमडलेली, अंगठा आत वळलेला. मी शिक्षिका आहे आणि चोवीस वर्षे बंद, निमुळत्या पादत्राणांत वर्गात उभी राहिलेली आहे. तो कागद पाहिल्यावर मला कोणत्याही जाहिरातीची गरज उरली नाही, आणि तिथेच माझी चूकही सुरू झाली, कारण आईच्या पावलाच्या आकाराचे बूट पायात आले म्हणजे आईसारखे पाय आले असे मी मनाशी धरून चालले.

आधी फायदे सांगते, कारण ते खरे आहेत. पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे आहेत आणि त्यांना हलवणारे बारीक स्नायू जाड तळाच्या बुटात फारसे कामाला लागत नाहीत. पातळ तळात जमिनीचा उंचसखलपणा तळपायाला कळतो, बोटे आपोआप जमीन धरू लागतात, आणि एका पायावर उभे राहण्याचा तोल काही आठवड्यांत सुधारतो. वृक्षासनात मला हा फरक स्पष्ट जाणवला. लिव्हरपूल विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा महिने रोजच्या वावरासाठी पातळ तळाची पादत्राणे वापरणाऱ्यांच्या बोटांची ताकद सरासरी ५७.४ टक्क्यांनी वाढलेली आढळली. मात्र हा अभ्यास रोजच्या चालण्या-वावरण्याचा होता, धावण्याचा नव्हता. शिवाय हा लाभ पातळ, लवचीक तळाचा आहे. बोटांना वेगवेगळी घरे असल्यामुळे त्यात काही विशेष भर पडते असे मला वाटत नाही. पुढून रुंद आणि सपाट तळाचा साधा बूटही हे काम करू शकतो, आणि ज्यांचे अंगठ्याशेजारचे बोट अंगठ्यापेक्षा बरेच लांब आहे त्यांनी तर तोच घ्यावा, कारण ठरावीक लांबीच्या घरात ते बोट कायम वाकून राहते.

व्यायामशाळेत या बुटांचा मला सर्वांत निर्विवाद उपयोग होतो. जमिनीवरून वजन उचलताना पायाखाली दबणारा फोम नसला की पाय स्थिर राहतो आणि जोर थेट जमिनीत जातो. आपल्याकडे तालमीत जोर-बैठका अनवाणीच काढतात, कुस्तीही लाल मातीत अनवाणीच होते, तेव्हा यात नवे काहीच नाही. फक्त सार्वजनिक व्यायामशाळेत अनवाणी वावरता येत नाही, आणि ही अडचण हे बूट सोडवतात. खोल बैठक मारताना ज्यांचा घोटा पुरेसा वाकत नाही त्यांना मात्र उंच टाच उपयोगी पडते, आणि त्यांना सपाट बूट त्रासाचा वाटू शकतो.

धावण्याची गोष्ट वेगळी आहे. हार्वर्डचे डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दाखवून दिले की लहानपणापासून अनवाणी धावणारे लोक बहुधा चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे टाच आपटल्याचा जो अचानक धक्का बसतो तो त्यांना बसत नाही. पातळ तळाच्या बुटात टाच आपटली की दुखते, म्हणून शरीर आपसूक चवड्याकडे झुकते, पावले लहान पडू लागतात आणि गुडघ्यावरचा ताण कमी होतो. माझा गुडघा दुखत असे, त्यामुळे एवढेच वाचून मी हुरळून गेले होते. परंतु गुडघ्यावरून उतरलेला भार कुठेतरी जातोच. तो पोटऱ्यांवर, टाचेमागच्या जाड शिरेवर आणि चवड्याच्या लांब, बारीक हाडांवर जातो. त्या हाडांपैकी दुसऱ्या बोटामागचे हाड सर्वांत लांब आणि फारसे न हलणारे, म्हणून पहिला बळी बहुधा त्याचाच जातो. अनवाणी धावणाऱ्यांना दुखापती कमी होतात, असा दावा त्या संशोधनात नव्हता. तो नंतर इतरांनी त्याला चिकटवला.

मी काय केले तेही सांगते. जेहान सर्कलपासून सोमेश्वरच्या दिशेने, गंगापूर रोडच्या कडक रस्त्यावर, बूट आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी पाच किलोमीटर धावले, आणि एक दिवसाआड धावतच राहिले. पहिल्या दिवशी पोटऱ्या इतक्या भरून आल्या की शाळेचा जिना कठडा धरून उतरावा लागला, तरी सवय नाही म्हणून असे होत असेल, अशी मी समजूत घातली. आता हिशेब करून पाहते. मिनिटाला १६० पावले धरली तर ३५ मिनिटांत ५,६०० पावले होतात, म्हणजे एका पायावर २,८००. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट भार पडतो. चोवीस वर्षे ज्या हाडाला गादीवर ठेवले होते, त्याच्यावर मी एका सकाळी हे २,८०० घाव घातले. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, पण हाडाला स्वतःची नव्याने बांधणी करायला कित्येक महिने लागतात. मधल्या काळात पाय तयार झाल्यासारखा वाटतो आणि हाड मात्र मागे राहिलेले असते.

हे माझ्या एकटीच्या उतावळेपणाचे दुखणे नव्हे, हे नंतर कळले. अमेरिकेतील ब्रिगहम यंग विद्यापीठातील २०१३ च्या अभ्यासात ३६ अनुभवी धावपटूंपैकी १९ जणांना दहा आठवड्यांत हळूहळू या पाच बोटांच्या बुटांची सवय करायला सांगितले होते. एमआरआय केल्यावर त्या १९ पैकी १० जणांच्या पावलाच्या किमान एका हाडात सूज वाढलेली आढळली. क्रमाक्रमाने सवय करूनही दहा आठवडे पुरले नाहीत, ही त्यातली ध्यानात घेण्याची गोष्ट आहे. ज्या दुकानातून मी बूट घेतले तिथल्या विक्रेत्याने “गुडघेदुखी महिन्यात जाईल, पाय मजबूत होतील” असे छातीठोकपणे सांगितले होते आणि सवयीच्या काळाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. हे बूट स्नायू बळकट करतात आणि दुखापती टाळतात हे दावे पुरेशा शास्त्रीय आधारावाचून केले, असा अमेरिकेत व्हिब्रॅमवर २०१२ मध्ये दावा दाखल झाला होता, आणि २०१४ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता ३७.५ लाख डॉलरची तडजोड केली. इतके सगळे जाहीर असताना आपल्याकडे ग्राहकाला निदान “पहिले दोन महिने नुसते चाला” एवढे सांगायला हरकत नव्हती.

यावर कोणी कविता राऊत यांचे उदाहरण देते. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या या मुलीने अनवाणी धावत सुरुवात केली आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले. आम्हां नाशिककरांना त्यांचा अभिमान आहेच. पण त्यांचे पाय बालपणापासून डोंगरातल्या मातीवर घडलेले आहेत, आणि वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बुटांचा एक जोड विकत घेऊन ते बालपण मिळत नाही. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोममध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकला हे सर्वांना ठाऊक असते. १९६४ साली टोकियोत तोच बिकिला बूट घालून, आधीपेक्षा तीन मिनिटांहून अधिक लवकर, पुन्हा जिंकला, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

आता आपल्या जमिनीबद्दल. पातळ तळ खडीचा त्रास सोसून नेतो, परंतु बाभळीचा काटा त्याला जुमानत नाही. मखमलाबादकडच्या कच्च्या रस्त्यावर तो माझ्या बुटातून आरपार टाचेत गेला होता. त्याहून वाईट म्हणजे ठेच. साध्या बुटाचे टोक ठेच स्वतःवर घेते. इथे ती एकट्या करंगळीला लागते, आणि अंजनेरीच्या वाटेवरच्या सुट्या दगडांत करंगळी अडकली की ती बाजूला ओढली जाते. म्हणून डोंगरावर मी हे बूट नेत नाही. पावसाळ्यात पाणी आत शिरते आणि पाच घरांच्या कोपऱ्यांत साठून राहते. बूट गॅलरीत वाळत टाकले तरी दोन दिवस ओल जात नाही. कोरड्या दिवसांत बोटे वेगळी राहिल्याने मधली जागा छान कोरडी राहते, पण ओल्या बुटात नेमके उलटे होते आणि चिखल्या होतात. पाच बोटांचे सुती मोजे घातले की हा त्रास पुष्कळ कमी होतो, मात्र मोज्यांसकट बूट घालायला वेळ लागतो. अंगठा आणि मधली बोटे पटकन आत जातात. करंगळी बाहेरच राहते आणि तिला हाताने धरून तिच्या घरात बसवावे लागते. आता माझी करंगळी निम्म्या वेळा आपली आपण आत जाते, आणि आठ-नऊ महिन्यांतला हा बदल मला कोणत्याही आकड्यापेक्षा मोलाचा वाटतो.

सहा आठवड्यांच्या सक्तीच्या विश्रांतीनंतर मी नव्याने सुरुवात केली ती घरातून. पहिला महिना रोज वीस मिनिटे घरात आणि जिन्यात, सोबत पायरीच्या कडेवर चवड्याने उभे राहून टाचा वर-खाली करणे, आणि जमिनीवर पसरलेला पंचा बोटांनी ओढून घेणे. दुसरा आणि तिसरा महिना फक्त चालणे. चौथ्या महिन्यापासून मैदानाच्या कडेच्या मातीवर एक मिनिट धावणे आणि चार मिनिटे चालणे, तेही आठवड्यातून दोनदाच. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी चवड्याचे प्रत्येक हाड वरून दाबून पाहते. पोटरी दुखत असेल तर चालते, पण हाडावर एका जागी दुखले तर त्या आठवड्यात धावणे नाही. आज या बुटांत मी मातीवर सलग दोन किलोमीटर धावते. त्यापुढचे अंतर आणि डांबरी रस्ता यांसाठी माझे जुने, फोमचे बूटच आहेत, आणि तसे करण्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

माझ्या थोरल्या दिरांनी मात्र हे बूट मागवले तेव्हा मी त्यांना ते परत करायला लावले. त्यांना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे आणि तळपायाची संवेदना कमी झाली आहे. या बुटाची सगळी भिस्त पायाला दुखणे वेळीच कळण्यावर आहे. ज्याला काटा रुतलेला कळत नाही त्याच्या पायात पातळ तळ घालणे म्हणजे जखमेला निमंत्रण देणे आहे. ते थोडे नाराज झाले. मग पुढच्या रविवारी आम्ही वर्तमानपत्र पसरून त्यांच्याही पावलाची कड आखली, आणि त्या मापाने पुढून रुंद, पण जाड मऊ तळाचे बूट आणले.