गाणं माझं, कागदही माझाच

स्ट्रीमिंगच्या पैशावर माझं घर चालत नाही, हे आधीच सांगून टाकतो. घर चालतं ते शिकवण्यांवर, कार्यक्रमांवर आणि अधूनमधून कुणाच्या तरी फिल्मला दिलेल्या गाण्यावर. पण ही तिन्ही कामं मिळाली ती मी स्वतःच्या खर्चाने गाणी काढत राहिलो आणि ती कुणाला विकली नाहीत म्हणून. ते कसं जमलं हे सविस्तर लिहितोय, कारण मला कुणी ते सलग असं सांगितलं नव्हतं. इकडून थोडं, तिकडून थोडं असंच कळत गेलं.

मी मिरजेचा. तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या वस्तीजवळच आमचं घर. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या मैफली ऐकत वाढलो, पेटी शिकलो, यथावकाश विशारद झालो. पुढे पुण्यात नोकरी लागली आणि रात्री चाली बांधायचं वेड. २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं, तेव्हा एक मित्र म्हणाला, ‘आता कंपनीच्या दारात उभं राहायचं कारणच काय? घरी गा, घरून टाक.’ ऐकायला सोपं वाटलं.

नेमक्या त्याच दिवसांत मुंबईतल्या एका कंपनीने माझं एक भावगीत पसंत केलं. एकरकमी पैसे देणार होते, रक्कमही वाईट नव्हती. करारात होतं : सर्व हक्क, साऱ्या जगासाठी, कायमस्वरूपी, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या प्रत्येक माध्यमासाठी. मिरजेला गेलो तेव्हा तो कागद आमच्या आळीतल्या वकीलकाकांना दाखवला. त्यांची सगळी हयात शेतजमिनीच्या भांडणात गेलेली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, ‘मुदत कुठे लिहिलीय?’

‘कायमची आहे ना काका.’

‘मग हा भाडेकरार नव्हे बाळा. हे खरेदीखत आहे.’

कॉपीराइटचा कायदा त्यांनीच मला वाचायला लावला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारात लिहून दिला तरी सोडता येत नाही. तो वारसाकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडेच जाऊ शकतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर ‘कायमस्वरूपी’ आणि ‘साऱ्या जगासाठी’ हे दोन शब्द असल्या करारांतून कधी गळत नाहीत. मी नाही म्हणालो. नोकरी होती म्हणून म्हणू शकलो, हेही खरं. घरभाडं थकलं असतं तर सही करून मोकळा झालो असतो आणि कुणी मला नावं ठेवायचं कारण नव्हतं.

मग घरीच ध्वनिमुद्रण. एक कंडेन्सर माइक, एक साधा ऑडिओ इंटरफेस, जुना लॅपटॉप. कपाटाची दारं उघडी टाकून त्यांवर आईच्या गोधड्या लटकवल्या. आवाज घुमायचा थांबतो, शिवाय खर्च शून्य. पंखा बंद ठेवावा लागतो. पुण्यातल्या एप्रिलमध्ये पंखा बंद करून अंतरा गाणं ही वेगळीच साधना आहे. तानपुऱ्यासाठी मात्र अ‍ॅप वापरायचं नाही असं ठरवलं होतं. मिरजेचा तानपुरा घरात असताना अ‍ॅप कशाला? पण माइकसमोर तो सरळ वागत नाही. जवारीतला, म्हणजे घोडीवर तारेखाली असतो तो, दोरा केसभर सरकवला की सगळा नाद बदलतो, आणि कानाला गोड लागलेलं माइकला गोड लागेलच असं नाही. माइक भोपळ्यासमोर धरला की नुसता गुंगाट येतो. घोडीच्या वरच्या अंगाला, थोडा तिरपा धरला की तारा सुट्या ऐकू येतात. हे कळायला बऱ्याच रात्री गेल्या. मिक्स आणि मास्टर मात्र मी पैसे देऊन करून घेतो. आपल्याच गाण्याचं मास्टरिंग आपण करू नये, आपला कान त्याला सरावलेला असतो.

गाणं बाहेर काढण्याआधी वाटणीचा कागद करावा लागतो. शब्द एका मित्राचे, चाल माझी, वाद्यांचं संयोजन तिसऱ्याचं. मित्र म्हणाला, ‘अरे, आपल्यात कसला कागद?’ मी म्हटलं, आपल्यात आहे म्हणूनच आत्ता करू, उद्या भांडायला लागल्यावर कोण करणार? चहाच्या टपरीवर एका पानावर लिहिलं : शब्दांचे हक्क त्याचे, चालीचे माझे, ध्वनिमुद्रणाचा खर्च मी केला म्हणून मास्टर, म्हणजे तयार झालेलं मूळ ध्वनिमुद्रण, माझं, संयोजकाला ठरलेलं मानधन, आणि फिल्मला गाणं गेलं तर त्यालाही ठरलेला टक्का. तिघांच्या सह्या. ते पान पुढे फार कामाला आलं.

स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक, जिओसावन इथे आपल्याला थेट गाणं टाकता येत नाही. मध्ये वितरक लागतो. काही वितरक वर्षाची फी घेतात आणि रॉयल्टी पूर्ण देतात, काही फी न घेता टक्का कापतात. फीवाल्यांत बारीक अक्षरांत एक अट असू शकते : फी थांबली की गाणी उतरवली जातील. माझ्या पहिल्या वितरकाकडे ती होती, शिवाय पत्राला उत्तर यायला आठवडे जायचे. दुसऱ्याकडे गेलो तेव्हा जुने आयएसआरसी क्रमांक सोबत नेले. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला मिळणारा हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक तोच ठेवला, तर आधी ऐकलं गेलेलं गाणं नव्या ठिकाणीही तेच धरलं जातं. नवा घेतला तर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू व्हायचा धोका. वितरक बदलताना हे कुणी आपणहून सांगत नाही.

नावाचा घोळ वेगळाच. माझ्या नावात ‘हृ’ आहे. रोमन लिपीत तो लिहायच्या जितक्या तऱ्हा तितके मी. एका गाण्यावर एक स्पेलिंग, दुसऱ्यावर दुसरं, आणि तिसरं गाणं भलत्याच कुणाच्या पानावर जाऊन बसलं. तो बहुधा टेक्नो वाजवणारा होता. आता एकच स्पेलिंग, पॅनवर आहे तेच, सगळीकडे. मुखपृष्ठाचं चित्र तीन हजार बाय तीन हजार पिक्सेलचं, गाणं २४ बिटच्या वेव फाइलमध्ये, आणि सगळं प्रकाशनाच्या तीन-चार आठवडे आधी चढवायचं. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर ते प्रकाशनापूर्वीच सुचवता येतं. किमान सात दिवस आधी सुचवलं तर निदान आपल्या अनुयायांच्या नव्या गाण्यांच्या यादीत ते नक्की पोचतं.

खरा ताप झाला तो एका अभंगाने. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, त्यांवर कुणाची मालकी नाही. रेडिओवर गाजलेली चाल मात्र त्या संगीतकाराची असते, त्याच्या निधनानंतर साठ वर्षं. म्हणून मी चाल स्वतः बांधली. युट्यूबवर टाकल्यावर काही दिवसांत कॉपीराइटचा दावा आला, कुठल्याशा संगीत कंपनीकडून. कशावर? तर सुरुवातीच्या भजनी ठेक्यावर. आमच्या संयोजकाने पखवाजाचा तयार लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवता येणारा ध्वनिमुद्रित तुकडा, वापरला होता, पैसे देऊन घेतलेला, परवान्यासह. तोच लूप त्या कंपनीच्या कुठल्यातरी गाण्यात होता, आणि ते गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे सारखे आवाज आपोआप शोधणाऱ्या युट्यूबच्या यंत्रणेत, नोंदवलेलं होतं. यंत्राला दोन्ही ठेके सारखे ऐकू आले, आणि जाहिरातीचे पैसे तिकडे वळले.

हरकत घेतली. दावा आल्यापासून पाच दिवसांत हरकत घेतली तर मधल्या काळातले पैसे दोघांनाही न देता बाजूला ठेवले जातात, म्हणून घाई केली. समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. लूपच्या परवान्याची प्रत, पावती, कुठल्या सेकंदाला काय वाजतंय हे सगळं लिहून पाठवलं. त्यांनी मुदत संपत आल्यावर दावा मागे घेतला, एका शब्दाचंही स्पष्टीकरण न देता. त्यानंतर मी आळंदीहून एका बुवांना बोलावलं. वारकऱ्यांत वाढलेले गृहस्थ, पखवाजाला पीठ लावता लावता म्हणाले, ‘तुमच्या त्या मशिनीतला ठेका बरोबर आहे हो, पण तो कीर्तनाला कधी उभा राहिलेला नाही.’ दोन तासांत चार गाण्यांचे ठेके वाजवून गेले. मानधन दिलं, कागदावर सही घेतली. मला विचाराल तर संगणकातल्या ठेक्यापेक्षा हे स्वस्तच पडलं.

सगळ्यात उशिरा कळते ती गोष्ट अशी : वितरकाकडून येतात ते फक्त ध्वनिमुद्रणाचे पैसे. शब्द आणि चाल यांची रॉयल्टी वेगळ्या वाटेने येते. भारतात गीतकार-संगीतकारांची सोसायटी म्हणजे १९६९ साली सुरू झालेली आयपीआरएस. तिचे सभासद व्हायचं, प्रत्येक गाणं वाटणीच्या टक्क्यांसह नोंदवायचं. रेडिओ, टीव्ही, हॉटेल, कार्यक्रम, स्ट्रीमिंग, जिथे गाणं वाजतं तिथला लेखकांचा वाटा त्या मार्गाने येतो. टपरीवरचं पान इथेच उपयोगी पडलं. कुणाचं काय ते त्यावरून जसंच्या तसं भरलं. माझा गीतकार मित्र सभासद व्हायला दोन वर्षं टाळाटाळ करत होता. खात्यात पहिले पैसे आले तेव्हा त्याने फोन करून विचारलं, ‘हे कुणी चुकून टाकले का?’ गायक आणि वादकांसाठी इसम्रा ही वेगळी संस्था आहे. कॉपीराइट कार्यालयातली नोंदणी सक्तीची नाही, हक्क गाणं निर्माण होताच मिळतो. पण संगीतकृतीची फी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाची २००० आहे, त्यामुळे निवडक गाण्यांची मी करून ठेवतो.

अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून युट्यूबवर होणाऱ्या कमाईवर तिकडचा कर कापला जातो. कराचा फॉर्म भरून भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितला तर तो १५ टक्के लागतो, नाही भरला तर जास्त. माझे बरेच श्रोते न्यूजर्सी आणि कॅलिफोर्नियात आहेत, म्हणून हे सांगतोय. बाकीचं तुमचा सीए सांगेल.

आकड्यांबद्दल थोडक्यात. स्पॉटिफायवर एका ऐकण्याचा ठरलेला भाव नसतो. त्या देशात जमलेल्या पैशांतून वाटणी होते. आपल्याकडे वर्गणी स्वस्त आणि फुकट ऐकणारे भरपूर, म्हणजे वाटायलाच कमी. २०२४ पासून एखादं गाणं मागच्या बारा महिन्यांत हजारदा ऐकलं गेलं नसेल तर त्याला तिथून ध्वनिमुद्रणाचे पैसे मिळतच नाहीत. मराठीत हजार हा आकडा लहान नाही, विशेषतः त्या गाण्यात नाच नसेल तर.

आणि मंच येतात-जातात. २०२० च्या जूनमध्ये भारतात टिकटॉक बंद झालं. लोकगीतं गाणारा माझा एक सोलापूरकडचा मित्र तिथे चांगला नावारूपाला आला होता. एका रात्रीत त्याचे सगळे चाहते गेले. २०२४ मध्ये विंक हे एअरटेलचं गाण्यांचं अ‍ॅप बंद पडलं. माझी गाणी तिथूनही उतरली, पण मास्टर माझ्या हार्ड डिस्कवर होतं, बाकी ठिकाणी ती चालूच राहिली. टिकटॉकवाल्या मित्राकडे मूळ ध्वनिमुद्रणं नव्हतीच, होते ते फोनवरचे व्हिडिओ. आता तो माझ्या गोधड्यांच्या खोलीत येऊन सगळं पुन्हा गातोय.

घर कशावर चालतं ते आता सांगतो. शनिवार-रविवारी सकाळी परदेशातली मुलं ऑनलाइन शिकतात. त्यांच्या आयांनी माझी गाणी ऐकलेली असतात, ओळख तिथूनच. झूमवर एकत्र गाता येत नाही, आवाज मागेपुढे होतो. आधी मी गायचं, मग शिकणाऱ्याने. आणि झूमला तानपुरा म्हणजे पंख्याची घरघर वाटते, म्हणून ते बिचारं तानपुराच पुसून टाकतं. सेटिंगमध्ये जाऊन मूळ आवाज चालू केला की तानपुरा पलीकडे पोचतो. कार्यक्रमांचं म्हणाल तर दिवाळी पहाट आणि गणपती हेच दोन हंगाम. सुपारी घ्यायला येणारे पहिला प्रश्न करतात फॉलोअर किती, आणि दुसरा, ‘एखादं ओळखीचं म्हणाल ना?’ म्हणतो की. तीन ओळखीची, मग दोन माझी. आयोजकांच्या परवान्यासाठी आयपीआरएसकडे गाण्यांची यादी जाते, तिच्यात माझी दोन मी न विसरता लिहितो.

गेल्या वर्षी एका तरुण दिग्दर्शिकेला तिच्या लघुपटासाठी तो अभंग हवा होता. मोठ्या कंपनीच्या गाण्यासाठी ती कित्येक दिवस उत्तराची वाट पाहून कंटाळली होती. मला दुपारी फोन आला, मी बुवांना, संयोजकाला आणि मास्टरिंगवाल्याला कळवलं, संध्याकाळी तिला कागद गेला : एकाच फिल्मसाठी, महोत्सव आणि ऑनलाइन, पाच वर्षं. त्या एका कागदाने जेवढे पैसे आले तेवढे त्या अभंगाने सगळ्या स्ट्रीमिंगमधून मिळून आणलेले नाहीत.

लघुपट पाहून मुंबईच्या त्याच कंपनीचा पुन्हा मेल आला. माणूस नवा होता, करार जुनाच. मी वकीलकाकांच्या मदतीने उलटा मसुदा पाठवलाय : मालकी नाही, परवाना, पाच वर्षं, माध्यमं एकेक नावानिशी. सगळं मान्य आहे म्हणतात, कॉलर ट्यूनवर अडलंय. तिथे अजून पैसे आहेत वाटतं.